आवाजाची मालकीण

१

सोमवारी सकाळी घानाच्या किनाऱ्यावरच्या केप कोस्ट गावात, त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात नारिंगी टी-शर्टांचा गठ्ठा येऊन पडला होता. प्रत्येकाच्या छातीवर छापलं होतं, ‘एना आली!’ आणि एना मात्र आली नव्हती.

एना म्हणजे आई. ॲपचं नाव तेच. बाळ तापलं, दूध ओढेना, बाळंतिणीचे पाय सुजले, की फोनला तोंडाने विचारायचं आणि एजिरबा आजीच्या आवाजात उत्तर ऐकायचं. अक्षरओळख नसलेल्या बायांसाठी केलेलं होतं ते. आजी अनोमाबूची. उभा जन्म सुईणपणात गेला, आणि रविवारचा वेळ चर्चमध्ये. पाद्रीबाबांचं प्रवचन रंगात आलं की ही मधेच उभी राहायची आणि त्या प्रवचनाला गाऊन उत्तर द्यायची. पाद्रीबाबा थांबायचे, साऱ्या बाया मागून सूर धरायच्या, सारं चर्च भरून जायचं, आणि मग प्रवचन पुढे सरकायचं. तिचे सल्लेही तसेच, अर्धे बोललेले, अर्धे गायलेले. प्रत्येक सल्ल्याच्या आधी एकच वाक्य: “मी इथेच आहे, लेकरांनो. विचारा.”

आता फोनवरच्या त्या मोठ्या बाजारात ॲप मांडायचं, तर बाजाराच्या तपासनिसांची मंजुरी लागते. त्यांनी अर्ज परत पाठवून पाठवून जीव नकोसा केला होता. एकदा विचारलं, तुमचं ॲप माणसाचं बोलणं ऐकतं ते कशासाठी? एकदा म्हणाले, आम्हाला आत जाऊन बघायला खातं दिलं नाहीत. एकदा तर म्हणाले, एका ध्वनिमुद्रणात मागून दुसऱ्याच बाईची हाक ऐकू येते, तिची संमती कुठे आहे? सगळं पुरवलं. शनिवारी मंजुरी आली. सोमवारी पहाटे एना आपोआप बाजारात दिसायची होती.

त्याऐवजी पडद्यावर एक ओळ होती: ‘हा अर्ज तुमच्याच खात्यातून रविवारी दुपारी मागे घेण्यात आला आहे.’

“आपल्याच घरातून!” मालक क्वान्सा टेबलावर हात आपटून म्हणाला. जाडजूड माणूस, पण आवाज रडवेला झाला होता. “बाहेरच्या चोराला शिव्या तरी देता येतात. इथे कुणाला देऊ?”

घर म्हणजे पाच माणसं. खातं एक, पासवर्ड एक, तो सगळ्यांना ठाऊक. पण नुसत्या पासवर्डने काही होत नसे. प्रत्येक वेळी ऑफिसच्या जुन्या बटणांच्या फोनवर आकड्यांचा संकेत यायचा, तो घातल्याशिवाय खातं उघडत नसे.

“फोन कुणाकडे होता?”

“माझ्याकडे,” एबो म्हणाला. ॲप त्यानेच लिहिलं होतं. “शनिवारी लाईट गेली होती, म्हणून चार्ज करायला घरी नेला.”

“आणि रविवारी दुपारी तू कुठे होतास?”

एबोने मान खाली घातली.

“अक्राच्या कंपनीने तुला बोलावलं होतं. खरं की खोटं?”

“मी नाही म्हणून कळवलं, साहेब.”

“रविवारी कुठे होतास ते सांग, मग मानतो.” क्वान्साने वाट पाहिली. “बरं. संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नाहीस तर उद्यापासून येऊ नकोस. आणि का काढलं ते जो विचारेल त्याला मी सांगणार. चोरून सांगणार नाही, चौकात सांगणार.”

खोलीच्या कोपऱ्यात बसलेली अराबा एशून एबोकडे बघत होती. लबाड माणूस दाराकडे बघतो, निर्दोष माणूस आजूबाजूच्यांच्या तोंडाकडे बघतो. हा पोरगा मात्र स्वतःच्या चपलांकडे बघत होता, कुणाला तरी वचन देऊन बसल्यासारखा.

२

आंटी अराबा आधी शाळेत बाई होती. आता या ऑफिसात ॲप तपासायची. धडधाकट दिसणाऱ्या गोष्टीत बिघाड कुठे लपलाय ते शोधायचं, याचाच तिला पगार होता. चर्चच्या गाणाऱ्या बायांत ती पुढच्या रांगेत असे, आणि तिथेही कुणाचा सूर कुठे ढळला ते तिला पाठमोरं कळत असे.

“साहेब, संध्याकाळपर्यंतचा वेळ तुम्ही पोराला दिलाय,” ती म्हणाली. “तो मला द्या.”

“घ्या. पण आंटी, गाणं म्हणून चोर सापडत नाही.”

“गप्प बसून सापडतो, साहेब. लोक बोलतात, मी गप्प बसते.”

तिने आधी खातं उघडून बघितलं आणि तिथेच थबकली. एनाचा एक तुकडाही हलला नव्हता. आवाज होते, चित्रं होती, आईबायांचे प्रश्न होते. वैऱ्याला आत शिरल्यावर हे सगळं पुसून टाकायला कितीसा वेळ लागला असता? हा कसला चोर, ज्याने काही नेलं नाही, नुसतं दार ओढून घेतलं?

जेवणाच्या सुट्टीत तिने सगळ्यांना मागच्या ओसरीवर बसवलं. केंकी आली, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे पानात उकडलेले गोळे, मिरचीचं वाटण आलं. दर सोमवारी मिस्टर एसेल आपल्या आईच्या भट्टीतले धुरावलेले मासे आणायचे. आज त्यांचे हात रिकामे होते.

मिस्टर एसेल ऑफिसचा पत्रव्यवहार बघायचे. पूर्वी कोर्टात कारकून होते, त्यामुळे तपासनिसांना उत्तरं तेच लिहीत आणि भाषा अशी वापरत की तपासनीसही वचकून असावेत.

“मिस्टर एसेल, मासे?” मानसाने केंकीचं पान सोडत विचारलं. आवाज ध्वनिमुद्रित करणं आणि चित्रं काढणं हे मानसाचं काम. एजिरबा आजी तिच्या बाबांची आई, म्हणून तर आजी या ऑफिसला मिळाली होती.

“काल भट्टी पेटली नाही.”

“का बरं?”

“लाकडं ओली होती.”

अराबाने मान वर केली नाही. आठवडाभर हरमॅटनचं कोरडं वारं सुटलं होतं. ओठ फुटत होते, दारं तडकत होती. ओली लाकडं कुठली?

“घ्या! कोरडी केंकी खा आणि वर चोर म्हणवून घ्या,” मानसा म्हणाली. “आंटी, माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा हं.”

“तुझ्यावर कशाला?” क्वान्सा दारातूनच म्हणाला. “तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तू केलं असतंस तर सकाळी मासळीबाजारातच कळलं असतं.”

“वा, साहेब! आईचे मामा गेले तेव्हा मला रात्रीच कळलं होतं. आणि सकाळी बाबा माझ्या शेजारी बसून चवीने मासे खात होते. मी शब्द काढला का? घराण्याचे कर्ते जाहीर करेपर्यंत ओठ शिवलेले. बाबा आईच्या घराण्यातले थोडेच? त्यांना नंतर कळलं, सगळ्या परक्यांबरोबर.”

“आणि तुझ्या बाबांच्या घराण्यात तू परकी,” एबो पहिल्यांदाच बोलला.

“अर्थात! आमच्याकडे माणूस आईच्या घराण्याचा. एजिरबा आजीच्या मांडीवर मी वाढले, पण तिच्या घराण्याच्या बैठकीत मला पाहुण्यांच्या बाकावर बसवतात.” ती हसली. “बाक तसा बरा असतो. वारा येतो.”

कुणी हसलं, कुणी नाही. मिस्टर एसेल उठले आणि आपल्या वाटणीची केंकी मानसाच्या ताटात ठेवून आत निघून गेले.

“यांना काय झालं?” मानसा म्हणाली. “सकाळी स्वतःची खुर्चीही दिली मला. त्या खुर्चीला ते साहेबांनाही हात लावू देत नाहीत.”

३

एबोला घेऊन अराबा किल्ल्याच्या बाजूला, होड्या ओढून ठेवतात तिथे गेली. जाळी दुरुस्त करणाऱ्यांचं गाणं चाललं होतं. ती एका होडीच्या सावलीत बसली आणि काही विचारलं नाही. पोरगा थोडा वेळ वाळू उकरत राहिला, मग आपणच बोलला.

“आंटी, कुणाला सांगणार नाही ना?”

“अजून तू मलाच सांगितलं नाहीस.”

“काल मी दार वाजवायला गेलो होतो. क्रिस्ताबेलच्या घरी.”

मागणी घालायची तर आधी मुलीच्या वडीलधाऱ्यांचं दार वाजवायचं, बाटल्या ठेवायच्या, हेतू सांगायचा आणि परत यायचं. उत्तर मागाहून येतं. तोवर चकार शब्द काढायचा नाही. नकार आला तर दोन्ही घरांची शोभा व्हायला नको.

“उत्तर शुक्रवारी देणार आहेत. तोवर कुणाकडे बोललो तर उतावळा ठरेन. आणि साहेबांनी मला चोर म्हणून काढलं तर...” त्याने मुठीतली वाळू सोडून दिली. “तिचे मामा मासळीबाजारात बसतात, आंटी. त्यांना दुपारच्या आत कळेल. कोण देईल मुलगी?”

“मग फोन तुझ्याकडेच होता म्हणायचं.”

“नव्हता.” तो अगदी हळू म्हणाला. “तिथे मुलाने तोंड उघडायचं नसतं, हातात काही धरायचं नसतं. ऑफिसचा आणि माझा, दोन्ही फोन मी माझ्या वतीने बोलणाऱ्यांकडे दिले होते.”

जाळीवाल्यांचं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं.

“किती सुंदर बोलले ते, आंटी! क्रिस्ताबेलची आजी डोळे पुसत होती. फक्त एकच वाईट झालं. मध्येच अंगणातून कुणीतरी त्यांना बोलावलं. बराच वेळ बाहेर होते. परत आले, उरलेलं बोलले, पण शेवटी आनंदाचा घोट फिरला तेव्हा त्यांनी पेला नुसता ओठांजवळ नेला आणि तसाच पुढे दिला. मामांनी पाहिलं. मला तर धडकीच भरली.”

“कोण बोलायला होतं तुझ्याकडून?”

“आंटी, ज्या माणसाने भर सभेत माझ्या चांगुलपणाची हमी घेतली, त्याच्याकडे मी बोट कसं दाखवू?”

“दाखवू नकोस. नाव सांग.”

एबोने समुद्राकडे बघत सांगितलं.

“मिस्टर एसेल.”

४

परत येताना अराबा हळू चालत होती. हात कुणाचा ते कळलं होतं, आणि मन मानत नव्हतं. मिस्टर एसेलनी या एनासाठी तपासनिसांशी महिनोन्‌महिने कागदी कुस्ती खेळली होती. शेवटचं प्रतिज्ञापत्र त्यांनीच लिहिलं, सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि खाली आपली सही केली: ‘हा आवाज जिवंत व्यक्तीचा असून तिने स्वतः त्यास संमती दिली आहे. हे असत्य ठरल्यास खाते कायमचे बंद व्हावे.’ ज्याने आपल्या हाताने घर बांधलं तोच दार का लावून घेईल?

ऑफिसात मानसा एकटी होती. हेडफोन काढून ठेवून ती आजीचे आवाज मोठ्याने वाजवत बसली होती.

“मिस्टर एसेल सकाळी हे वाजवू देईनात,” ती म्हणाली. “म्हणाले, बंद कर, डोकं दुखतं. आता बाहेर गेलेत तर ऐकून घेते. कुठे काही बिघडलं असेल तर आपलं...”

आजीचा आवाज खोलीत उभा राहिला. तापलेल्या बाळाला कसं पुसायचं ते सांगता सांगता ती सुरावर गेली, आणि अराबाच्या ओठांवर आपोआप मागचा सूर आला. तेवढ्यात त्या ध्वनिमुद्रणात मागून हाक ऐकू आली: “थोरल्या आई, मासे करपतायत!” आणि आजी गाता गाताच हसली.

तपासनिसांनी अडवून धरलेली हाक ती हीच. अराबाने ती शंभरदा ऐकली असेल. पण आज ती तिथेच अडली. त्या अनोळखी बाईची संमती मिस्टर एसेलनी दुसऱ्याच सकाळी आणून दिली होती, कोण-कुठली न विचारता.

“मानसा, ही हाक मारणारी कोण गं?”

“ही? मिस्टर एसेलची आई!” मानसा म्हणाली. “आजीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आजीच्याच घरात राहते, मागच्या अंगणात तिची भट्टी आहे. तुम्हाला माहीत नव्हतं? आडनावं वेगळी पडतात ना, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मिस्टर एसेल खरे त्या घराण्यातले. मी आपली बाकावरची.” तिने यंत्र बंद केलं. “या शनिवारी मी आजीला सूप घेऊन जाणार होते. तर मिस्टर एसेल म्हणतात कसे, तू एकटी जाऊ नकोस, मीच तुला नेईन. आज फार लाड चाललेत माझे. काय झालंय त्यांना, आंटी?”

अराबाने खिडकीकडे तोंड वळवलं.

“आंटी? रडताय?”

“धूळ गं. हे हरमॅटनचं वारं.”

५

ॲप तपासणाऱ्याला एक बिघाड सापडला की बाकीचे आपोआप ओळीने उभे राहतात. ज्या घरात दर रविवारी भट्टी पेटते ती पेटली नाही. ज्याने आनंदाची बोलणी केली त्याने आनंदाचा घोट घेतला नाही. आवाज जिवंत बाईचा म्हणून ज्याने सही केली, त्याला तो आवाज ऐकवेना. आणि ज्या पोरीला त्याने कधी खुर्ची दिली नाही, तिला आज खुर्ची, केंकी, सगळं काही देत होता. द्यायची होती ती बातमी सोडून.

मिस्टर एसेल चर्चच्या मागच्या कडुनिंबाखाली बसले होते. अराबा शेजारी बसली. तिने ठरवलं होतं, या माणसाला एकही प्रश्न असा विचारायचा नाही की त्याला खोटं बोलावं लागेल.

“मिस्टर एसेल,” ती म्हणाली, “माझं काळं कापड पेटीत चुरगळून पडलंय. इस्त्रीला टाकायचं म्हणते. कधीपर्यंत लागेल?”

ते बराच वेळ हातातल्या टोपीची कड फिरवत राहिले.

“बुधवारी,” ते म्हणाले. “कर्ते ताकोराडीहून मंगळवारी येतात.”

आणि तो कोर्टातला ताठ माणूस टोपीत तोंड घालून लहान पोरासारखा रडला. अराबा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. गेलेल्या माणसाचं नाव दोघांपैकी कुणीही उच्चारलं नाही.

“एबोला आज काढतायत,” ती थोड्या वेळाने म्हणाली.

“नाही काढणार. संध्याकाळी मी साहेबांना सांगणार आहे, मी केलं म्हणून.”

“कारण विचारतील.”

“सांगेन, डोकं फिरलं होतं. मला काढू देत. मी म्हातारा झालो, मला कुणाचं दार वाजवायचं राहिलेलं नाही.”

“आणि त्या पोरीला ऑफिसच्या भांडणातून कळू दे, होय? की अमुक गेली म्हणून तमुक वेडा झाला? थांबा इथेच. साहेबांकडे मी जाते.”

क्वान्सा टी-शर्टांच्या गठ्ठ्यावर कोपर टेकून बसला होता.

“सापडला?”

“सापडला. एबो नव्हे.”

“मग कोण?”

“नाव सांगितलं तर तुम्ही कारण विचाराल. आणि कारण सांगायला आज मला तोंड नाही.”

“आंटी, हे काय कोडं घालताय? माझं ॲप बुडालं आणि तुम्ही...”

“साहेब,” अराबा हळूच म्हणाली, “हे नारिंगी कपडे आत कपाटात ठेवा. या आठवड्यात नारिंगी नको.”

क्वान्साही त्याच मातीतला, सुतकात कोणते रंग चालत नाहीत ते त्याला सांगावं लागलं नाही. त्याने एकदा टी-शर्टांकडे बघितलं, एकदा पलीकडच्या खोलीत गुणगुणत चित्र रंगवणाऱ्या मानसाकडे. मग उठला, गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतः कपाटात ठेवून आला. परत येऊन खुर्चीत बसला तेव्हा त्याचा आवाज पार खाली गेला होता.

“मी त्या पोराला चौकात चोर म्हणणार होतो, आंटी.”

“म्हणाला नाहीत ना अजून?”

“नाही.” त्याने कपाळ पुसलं. “एबोला सांगा, उद्या वेळेवर ये. उशीर झाला तर खरंच काढीन.”

६

बुधवारी कर्त्यांनी जाहीर केलं. त्याच्या थोडं आधी मिस्टर एसेल मानसाला अनोमाबूला घेऊन गेले आणि परक्यांबरोबर कळायच्या आत तिला आतल्या खोलीत नेलं. ती किंचाळली नाही. तिने फक्त विचारलं, “रविवारीच?” त्यांनी मान हलवली. “आणि तुम्ही सोमवारी मला खुर्ची दिलीत,” ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर कोसळली.

नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

“अंगणात निरोप आला तेव्हा माझ्या एका हातात एबोने दिलेले फोन होते. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. पहाटे देशभरच्या बाया विचारणार, आणि ही सगळ्यांना सांगणार, मी इथेच आहे. आणि ती तर आमच्या आतल्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली. मी सही केली होती, जिवंत आहे म्हणून. तिच्या नावावर खोटं कसं उभं राहू देऊ? खरं सांगता येईना, खोटं ठेवता येईना. म्हणून संकेत घालून खातं उघडलं आणि अर्ज मागे घेतला. एबोवर येईल हे त्या क्षणी सुचलंच नाही. हे मात्र माझं पाप.”

“पाप नाही हो,” एबो म्हणाला. “त्यानंतर तुम्ही आत येऊन माझ्यासाठी बोललात. तुमच्या जागी मला नुसतं उभं राहणंही जमलं नसतं.”

घराण्याच्या बैठकीत प्रश्न निघाला, आवाज आता कुणाचा? कुणी म्हणालं, तिच्याबरोबर जाऊ द्या. कर्त्यांनी मानसाला पाहुण्यांच्या बाकावरून उठवून पुढे बोलावलं आणि विचारलं, तुझं काय म्हणणं? रिवाजाबाहेरची गोष्ट होती, म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. बोलायच्या ऐवजी मानसाने तापलेल्या बाळाचं गाणं धरलं, आजीच्याच चालीत, थोडं बेसूर. मिस्टर एसेलच्या आईने मागून सूर लावला. मग सगळ्या बायांनी. गाणं संपल्यावर कर्त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “लिहा. घराण्याची संमती आहे.”

मिस्टर एसेलनी नवं प्रतिज्ञापत्र लिहिलं. ‘या आवाजाची मालकीण आता हयात नाही. हा आवाज तिच्या घराण्याने सर्व लेकरांना दिला आहे.’ कोर्टाच्या भाषेत ‘लेकरांना’ बसत नव्हतं, पण त्यांनी खोडलं नाही. आणि तपासनिसांनीही, देव त्यांचं भलं करो, या वेळी एकही शंका काढली नाही; शुक्रवारी सकाळी एना बाजारात आली.

शुक्रवारी क्रिस्ताबेलच्या घरून उत्तर घ्यायचं होतं. सुतकातल्या माणसाला असल्या कामी बोलता येत नाही. तेव्हा मिस्टर एसेलच्या जागी क्वान्सा गेला, स्वतःहून, नवी बाटली घेऊन. मामांनी खोचून विचारलं, मागच्या वेळी तुमच्या बोलणाऱ्याने घोट का नाकारला? क्वान्साने त्यांना अनोमाबूची बातमी सांगितली. सगळी सभा उठून उभी राहिली.

“आणि हा मुलगा?” मामा पुन्हा बसत म्हणाले. “ऑफिसात काही गडबड झाली असं कानावर आलं.”

“झाली,” क्वान्सा म्हणाला. “आम्ही त्याला चोर ठरवत होतो. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण तुमच्या मुलीचं नाव निघेल आणि त्याच्यासाठी बोललेल्या माणसावर बोट जाईल, म्हणून गप्प राहिला. मी त्याच्यावर ओरडलो तरी गप्प. आता असा जावई तुम्हाला नको असेल तर सांगा, मी त्याला दुसरीकडे दार वाजवायला घेऊन जातो.”

आतल्या खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. क्रिस्ताबेलच असावी. मामांनी पेला भरला, आणि क्वान्साने तो तळापर्यंत रिकामा केला.

अंगणात भिंतीला टेकून अराबा उभी होती. पलीकडच्या घरातून रडणाऱ्या बाळाचा आवाज येत होता. कुणी बाई त्याला थोपटत घाबऱ्याघुबऱ्या फोनशी बोलली, आणि क्षणभर सगळं थांबलं.

मग त्या घरातून एक ओळखीचा आवाज आला, म्हातारा, सुरात बुडालेला.

“मी इथेच आहे, लेकरांनो. विचारा.”

अराबाने डोळे मिटले आणि मागचा सूर धरला.